बजेट ब्रँडचं मोटरहोम घ्यावं का? मालकांचे अनुभव हवेत

उनाड_पाऊस

मंडळी, इंग्लंडात रेडिंगजवळ राहतो. आम्ही चौघं: मी, बायको, एक मुलगी, एक मुलगा, दोघं शाळकरी. मोटरहोम (पलंग, स्वयंपाकघर, टॉयलेट असलेली घरगाडी) घ्यायचं बरेच दिवस चाललंय आणि आता पैशांची जुळवाजुळव झाली आहे. नवीन घेणं शक्य नाही. अगदी साधं नवीन मोटरहोमही साठ-सत्तर हजार पौंडांच्या घरात जातं. त्यामुळे सहा-सात वर्षं जुनं, लो प्रोफाइल (ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंगाचा उंच फुगवटा नसलेलं), चार सीटबेल्ट, चार झोपायच्या जागा असं शोधतोय.

शोधताना सारखा एक ब्रँड समोर येतो. युरोपातल्या एका मोठ्या समूहाचा 'स्वस्तातला' ब्रँड आहे. तेवढीच लांबी, तेच इंजिन, तेच वय, पण नावाजलेल्या ब्रँडपेक्षा आठ-नऊ हजार पौंडांनी कमी. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. संपादकांचं धोरण माहीत आहे, आणि मलाही भांडण नकोय.

वाचावं तर दोनच प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतो 'स्वर्ग', दुसरा म्हणतो 'भिंत दाबली तर बोट आत गेलं'. तर प्रत्यक्ष मालकांना विचारतो: हे स्वस्त ब्रँड टिकतात का? ओल येते ती खरंच याच ब्रँडांना जास्त येते का? आणि विकताना काय हाती लागतं?

खडूस_मास्तर

आठ-नऊ हजार पौंडांत किती रात्री हॉटेलात राहता येईल याचा हिशेब केलात का? सकाळचा नाश्ता धरून.

उनाड_पाऊस

मास्तर, तुम्ही येणार हे माहीत होतं. पहिलाच प्रतिसाद असेल असं वाटलं नव्हतं.

सदू_स्टुटगार्ट

आधी हे 'स्वस्त ब्रँड' प्रकरण काय आहे ते बघू, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत.

युरोपातले बहुतेक मोटरहोम ब्रँड दोन-तीन समूहांच्या हातात आहेत. जर्मनीत एर्विन हायमर समूह. तो २०१९ मध्ये अमेरिकेच्या थॉर इंडस्ट्रीजने घेतला. त्यात हायमर, डेथलेफ्स, बर्स्टनर हे वरचे, आणि काराडो व सनलाइट हे परवडणारे. हे दोन्ही सॅक्सनीतल्या नॉयस्टाटच्या एकाच कारखान्यातून निघतात. फ्रान्सचा ट्रिगानो समूह: शॉसाँ, चॅलेंजर, बेनिमार, रोलर टीम, शिवाय स्लोव्हेनियाची आद्रिया, आणि आद्रियाचा स्वस्त भाऊ सन लिव्हिंग. तिसरा क्नाउस टाबर्ट, त्यांचा वाइन्सबर्ग. धागाकर्त्यांचा ब्रँड यातलाच असेल असं नाही, हे फक्त चित्र कळावं म्हणून.

आता यातल्या बहुतेक गाड्या फियाट ड्युकाटोवर, नाहीतर त्याच्याच जुळ्या भावांवर, म्हणजे पुजो बॉक्सर किंवा सिट्रोएनवर. हीटर बहुधा ट्रुमाचा. फ्रिज आणि टॉयलेट थेटफर्ड नाहीतर डोमेटिक. हे सगळं स्वस्तातही तेच आणि महागातही तेच. म्हणजे रस्त्यात बंद पडणं, हीटर न लागणं, फ्रिज थंड न होणं या बाबतीत ब्रँडने फारसा फरक पडत नाही.

मग पैसे वाचवतात कुठे? भिंतीच्या आतल्या सांगाड्यात (लाकडी पट्ट्या की पाणी न पिणारं साहित्य), छताच्या आणि जमिनीच्या जाडीत, फर्निचरच्या बिजागऱ्यांत, सांडपाण्याच्या टाकीला उबदार कवच द्यायचं की उघडी लटकवायची यात. आणि मुख्य म्हणजे मॉडेलांची संख्या कमी ठेवून एकच गोष्ट हजारोंनी बनवण्यात. हे शेवटचं तर गिऱ्हाइकाच्या फायद्याचंच आहे. ज्या आराखड्याच्या हजारो गाड्या निघाल्या त्याच्या खोडी सगळ्यांना ठाऊक असतात आणि सुटे भाग मिळतात.

चकली

वाचतेय. आमच्याकडे हाच विषय जेवणाच्या टेबलावर रोज असतो, फक्त तिथे कुणी एवढं सभ्य बोलत नाही.

रेवा

लीड्सहून. आमचा अनुभव लिहिते, लांबेल.

आम्ही असंच एक बजेट ब्रँडचं पाच वर्षं जुनं घेतलं, डीलरकडून. दिसायला सुंदर. पहिला उन्हाळा मस्त गेला: वेल्स, लेक डिस्ट्रिक्ट, मुलं खूश. ऑक्टोबरात मागच्या बेडवरची गादी उचलली तर कोपऱ्यात प्लायवर तपकिरी डाग. हात लावला तर गार आणि मऊ. वास तर आधीपासून येत होता, पण तो आम्ही मुलांच्या बुटांच्या खात्यावर टाकला होता.

डीलर म्हणाला, 'ही आतली वाफ आहे, तुम्ही स्वयंपाक करता तेव्हा खिडकी उघडत नाही.' आमच्या फोडणीवर खापर! वाफेची ओल सगळीकडे थोडी थोडी येते हो, एका कोपऱ्यात वरून खाली ओघळ काढत येत नाही. आम्ही स्वतंत्र इंजिनियर बोलावला. मागच्या भिंतीत, छताच्या झरोक्याच्या चौकटीपासून खाली, ओलीचं मीटर तीसच्या वर. चौकटीखालचं सील एका बाजूला चिकटलेलंच नव्हतं. कारखान्यातूनच तसं आलं असावं असं त्याचं मत.

इंग्लंडातल्यांसाठी महत्त्वाचं: २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार डीलरकडून घेतलेल्या वस्तूत दोष निघाला तर पहिल्या ३० दिवसांत सरळ परत करता येते. त्यानंतर त्याला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. पण सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो विकतानाच होता असं धरलं जातं, नव्हता हे डीलरला सिद्ध करावं लागतं. आम्ही त्या सहा महिन्यांत होतो. अहवाल जोडून लेखी पत्र गेलं तेव्हा फोडणीचा विषय एकदम बंद झाला. दुरुस्ती करून मिळाली, पण गाडी अख्खा हिवाळा त्यांच्याकडे पडून होती.

गाडी आजही आमच्याकडे आहे. वाईट आहे का? नाही. पण त्या ब्रँडचं पुन्हा घेईन का? नाही.

कोल्हापुरी_ठसका

रेवाताई, तुमचं दुखणं समजलं, पण शेवटच्या वाक्याशी सहमत नाही.

मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला. माझ्याकडे पण बजेट ब्रँडच आहे, नवीन घेतला होता, आता बराच जुना झाला. नॉर्वे झालं, पोर्तुगाल झालं, आल्प्सच्या घाटांतून नेला. एक पडद्याची क्लिप, एक पाण्याचा पंप आणि पायरीची मोटर एवढंच गेलं. ओल शून्य. माझा मित्र, त्याचं चांगलं नावाजलेलं, माझ्या दीडपट किमतीचं, आणि त्याच्या पुढच्या खिडकीतून पाणी.

माझं मत: ब्रँड दुय्यम आहे. गाडी उभी कुठे असते ते बघा. माझी सहा महिने शेतकऱ्याच्या गोठ्यात असते, पक्क्या छपराखाली. भाडं भरतो, ते सीलवर खर्च करतोय असं समजतो. उघड्यावर झाडाखाली, पानं साचून, शेवाळ धरून उभी राहिलेली गाडी कुठल्याही कंपनीची असो, तिचं व्हायचं तेच होतं.

तिरसट

म्हणजे एका बाजूला एक गाडी गळली, दुसऱ्या बाजूला एक नाही गळली. आता निष्कर्ष काढा.

खडूस_मास्तर

निष्कर्ष: गोठ्यात राहा. स्वस्त.

कोल्हापुरी_ठसका

मास्तर, शेतकरी म्हशींना जागा देतो, मास्तरांना नाही.

मापात_पाप

ओल, ब्रँड, इंजिन सगळं ठीक आहे, पण वजनावर अजून कुणीच बोललं नाही. बजेट मोटरहोमची खरी गोम तिथे आहे. धागाकर्ते चौघं आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

ब्रिटन असो वा युरोप, साध्या कारच्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचीच डिझेल गाडी चालवता येते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ च्या आधी परीक्षा पास झालेल्यांना साडेसात टनांपर्यंत मुभा आहे, पण आपल्यातले बहुतेक जण त्यानंतर इकडे आलेले. म्हणून कंपन्या सगळी घरं ३५०० मध्ये बसवतात. कागदावर.

समजा माहितीपत्रकात लिहिलंय: चालू स्थितीतलं वजन २९८० किलो. म्हणजे सामानाला ५२० किलो. वा! पण त्या २९८० मध्ये चालक ७५ किलोचा धरलाय आणि पाण्याची टाकी बहुधा भरलेली नाही, वीस लिटरच धरलीय. आता जोडा: उरलेले तिघं, प्रत्येकी ७५ च्या सरकारी हिशेबाने २२५ (मुलं हलकी असतील, पण ती वाढणार आहेत). चांदणी (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर) ३०. दुसरी बॅटरी २५. मागे सायकली आणि स्टँड ६०. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली तर आणखी ८०. झाले ४२०. उरले शंभर किलो. त्यात चौघांचे कपडे, अंथरुणं, भांडी, गॅसच्या बाटल्या, खुर्च्या, टेबल, खाणं.

आणि खरी मेख पुढे आहे. कंपनीला जाहीर वजनावर पाच टक्के कमी-जास्त व्हायची कायदेशीर मुभा आहे. २९८० चे पाच टक्के म्हणजे १४९ किलो. तुमची गाडी त्या जड टोकाला निघाली तर शंभर किलो गेलेच, वर तुम्ही ४९ किलो देणं लागता. टूथब्रश घ्यायच्या आधी!

यात बजेट ब्रँडचा मुद्दा असा: पायाभूत किंमत कमी दिसावी म्हणून चांदणी, जादा हीटिंग, मोठी चाकं, टीव्ही सगळं 'पॅक'मध्ये, म्हणजे वेगळ्या पैशांत, टाकतात. पहिल्या मालकाने पॅक घेतलेले असतात, माहितीपत्रकातलं वजन मात्र बिनपॅकचं असतं. म्हणून विकत घ्यायच्या आधी गाडी वजनकाट्यावर न्या. डीलर नाही म्हणाला तर त्याचा अर्थ तुम्हीच लावा. पुढचा आणि मागचा आस (ॲक्सल) वेगवेगळा मोजा. मागच्या चाकांच्या पाठीमागे टांगलेल्या सायकली मागच्या आसावर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतात आणि पुढचा आस उचलतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर ओल्या गवतावरून निघताना हे चांगलंच कळतं.

चकली

यात कुकर धरलाय का?

मापात_पाप

धरलेला नाही. किती लिटरचा?

चकली

पाच. आणि तवा. आणि छोटा मिक्सर. आणि सासूबाई आल्या तर पोळपाट, कारण त्यांना तिथला कटिंग बोर्ड चालत नाही.

मापात_पाप

सासूबाईंना ७५ मध्ये बसवता येईल का बघा, मग पोळपाटाचं बोलू.

खडूस_मास्तर

या प्रतिसादाचा स्क्रीनशॉट घेतला आहे. योग्य हाती पोहोचेल.

विदर्भवीर

पुण्यातून वाचतोय. तुमचं हे सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं, पण इकडे काय पर्याय? आपल्या सरकारनं काहीतरी कॅराव्हॅन धोरण आणलं होतं ना?

सदू_स्टुटगार्ट

हो, महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये आणलं. गाडी उभी करायच्या जागा, वीज-पाणी वगैरे सोयी असलेले कॅराव्हॅन पार्क असं त्यात होतं. गाडीच्या बाजूने म्हणाल तर भारतात मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. बहुतेक गाड्या फोर्स ट्रॅव्हलरसारख्या तयार गाडीवर आतलं घर उभारून केलेल्या असतात. युरोपासारखे 'स्वस्त ब्रँड, महाग ब्रँड' असे थर तिकडे अजून नाहीत. ज्याच्याकडे करून घ्याल त्या कारागिराचा हात, तोच ब्रँड. वेगळा धागा काढा, मी लिहीन.

विदर्भवीर

काढतो. ट्रॅव्हलरमध्ये मात्र आम्ही लग्नाच्या वऱ्हाडातले सतरा जण झोपलो होतो, तेव्हा चार झोपायच्या जागा ऐकून हसू आलं.

नीलाक्षी

उनाड_पाऊस, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझ्या वडिलांच्या वतीने लिहिते. ते आयुष्यभर बॉडी बिल्डिंगमध्ये होते (बसगाड्यांच्या). आता माझ्याकडे ब्रिस्टलला असतात आणि ओळखीच्यांच्या गाड्या बघायला हौसेने जातात. मराठी टाइप करायला त्यांना वेळ लागतो म्हणून ते सांगतायत, मी लिहितेय.

"बाळा, आत शिरल्यावर दार लावून घे आणि नाक वापर. खिडक्या उघडून, सुगंधी फवारा मारून ठेवलेली गाडी असेल तर सांग, 'अर्धा तास बंद ठेवा, आम्ही चहा पिऊन येतो.'

मग चाल. दारापाशी, गॅसच्या शेगडीसमोर, बाथरूमच्या तोंडाशी. जमीन पावलाखाली लवचीक लागली, करकरली, तर वरचा प्लाय आणि मधला फोम सुटलेत. प्रत्येक वेळी ती ओलच असते असं नाही, पायाच्या वर्दळीनेही सुटतं, आणि राळ भरून दुरुस्त करता येतं. पण भाव करताना बोलायचं.

ओलीचं मीटर फार महाग नाही, एक विकत घे. खिडक्यांचे खालचे कोपरे, छताच्या झरोक्याभोवती, मागच्या दिव्यांच्या पाठीमागे, चांदणीच्या पट्टीच्या रेषेत आतून, कपाटांच्या आत वरच्या कोपऱ्यात, बेडखाली चाकाच्या कमानीपाशी. १५ पर्यंत काही नाही. १५ ते २० म्हणजे परत बघा. २० च्या वर म्हणजे पाणी कुठूनतरी येतंय. ३० च्या वर गेलं की आतलं लाकूड कुजतंय असं धर. एका आकड्यावर जाऊ नको, डावी बाजू आणि उजवी बाजू ताडून बघ. सगळीकडे सारखंच अठरा असेल तर हवा दमट आहे. एका कोपऱ्यात अठरा आणि बाकी दहा, तर तो कोपरा बोलतोय.

बाहेरून सांध्यांवर बघ. कारखान्यात ब्युटाइलचं मळलेल्या कणकेसारखं सील पट्टीच्या खाली असतं, वर दिसत नाही. पट्टीच्या वरून पांढरं सिलिकॉन फासलेलं दिसलं तर समज, कुणीतरी आत काय आहे ते न बघता तोंड बंद केलंय. सिलिकॉनवर नंतर दुसरं काही नीट चिकटत नाही, सगळं खरवडावं लागतं.

आणि गाडीखाली वाक. जमिनीची खालची बाजू, मडफ्लॅपच्या मागची, काळी लेप लावलेली. टोकदार वस्तूने हलकं टोचून बघ. मऊ लागलं की निघ."

बाबा म्हणतात ब्रँड विचारूच नका, स्वस्त-महाग सगळ्यांत हे बघितलंय. फरक इतकाच की लाकडी सांगाड्यात पाणी शिरलं की ते लाकूड पितं आणि लांबवर नेतं. काही नवीन बांधणीत लाकूडच नाही, तिथे पाणी शिरलं तरी कुजायला काही नसतं. त्यामुळे 'ब्रँड कोणता' यापेक्षा 'त्या वर्षाची भिंत कशाची' हे विचारा. एकाच ब्रँडने मधल्या वर्षात बांधणी बदललेली असते.

कोल्हापुरी_ठसका

काकांना साष्टांग. हा प्रतिसाद वेगळा जपून ठेवला पाहिजे.

रेवा

काकांचा 'डावी-उजवी ताडून बघ' मुद्दा सोन्यासारखा. आमच्या इंजिनियरनेही तेच केलं. आणि ठसका, तुमचा गोठा मान्य, पण आमचं सील चिकटलेलंच नव्हतं. ती गाडी गोठ्यात ठेवली असती तर दोन वर्षं उशिरा कळलं असतं, इतकंच. कारखान्यात तपासणी कोण किती करतं, त्यात ब्रँडचा संबंध येतो.

कोल्हापुरी_ठसका

हं. हे पटलं. तपासणीत हात आखडता घेत असतील तर ते किमतीत दिसतंच. माझी गाडी सुदैवी निघाली असेल, पण गोठा सोडणार नाही.

तिरसट

इंटरनेटवर कुणाला तरी काहीतरी पटलं. तारीख लिहून ठेवा.

टवाळ_पोर

थंडीत चालते का हे पण सांगा ना कुणी. आम्ही डिसेंबरात स्कॉटलंडला भाड्याने नेली होती. रात्री हीटर बंद करून झोपलो (गॅस वाचवायला!), सकाळी नळाला पाणी नाही. मला वाटलं गोठलं. खाली बघतो तर सगळं गरम पाणी गाडीखाली जमिनीवर आणि त्याचा बर्फ झालेला.

सदू_स्टुटगार्ट

तो बिघाड नाही, ती सोय आहे. बॉयलरला थंडीपासून वाचवणारा एक व्हॉल्व्ह असतो. तापमान साधारण ३ अंशांपर्यंत उतरलं की तो आपोआप उघडतो आणि पाणी सोडून देतो, नाहीतर आत बर्फ होऊन टाकी फुटेल. ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय परत लावता येत नाही. रात्रभर मंद हीटर चालू ठेवायचा, एवढंच.

आणि गॅस: थंडीत निळी ब्युटेनची बाटली नको. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतं. उन्हाळ्यातही प्रोपेनच ठेवा, डोकेदुखी नको.

बजेट गाडीत थंडीचा फरक मात्र जाणवतो. सांडपाण्याची टाकी आणि नळ्या बऱ्याचदा बाहेर उघड्या असतात. एप्रिल ते ऑक्टोबर फिरणाऱ्याला त्याने काही अडत नाही. ख्रिसमसला आल्प्समध्ये बर्फात राहायचं असेल तर त्या आठ-नऊ हजारांचा मोबदला कळतो.

मध्यरात्र

तिसरा प्रश्न, विक्री. आम्ही गेल्या वर्षी विकली. करोनाच्या काळात सगळ्यांना मोटरहोम हवं होतं, भाव चढले. नंतर उतरले. त्या चढ्या काळात घेतलेल्यांना आता दुखतंय, ब्रँड कुठलाही असो. आमचं बजेट ब्रँडचं होतं. टक्क्यांत बघाल तर महाग ब्रँडपेक्षा जास्त उतरलं, पण पौंडांत बघाल तर कमी गेले, कारण मुळात टाकलेच कमी होते. घेणाऱ्या बाईंनी ब्रँडचा 'ब' काढला नाही. त्यांनी विचारलं: कॅमबेल्ट (इंजिनातला पट्टा) कधी बदलला, दरवर्षीची हॅबिटेशन तपासणी, म्हणजे घराच्या भागाची, आहे का, टायर किती साली बनले. किलोमीटर कमी असून उपयोग नाही, मोटरहोमचा पट्टा आणि टायर वयाने म्हातारे होतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल.

आणि लंडनजवळ राहणाऱ्यांनो, ऑगस्ट २०२३ पासून अख्खं लंडन प्रदूषण शुल्काच्या हद्दीत आलं. डिझेल युरो ६ (धुराच्या प्रदूषणाचं मानक) नसेल तर दिवसाला १२.५० पौंड. आमच्या जुन्या गाडीला रेडिंग-स्लाउकडचं गिऱ्हाईक त्यामुळेच मिळालं नाही, शेवटी डेव्हनला गेली.

चकली

कुणी सांगत नाहीये म्हणून सांगते. आधी त्याच आराखड्याची भाड्याने घ्या. ब्रँड सोडा, आराखडा! आम्हाला आडवा मागचा पलंग फार आवडला होता दुकानात. रात्री आतल्या बाजूच्या माणसाला उठायचं झालं की बाहेरच्याच्या अंगावरून जायचं. वरून खाली येणारा पलंग मुलांना आवडतो, पण तो खाली आला की दाराची वाट अर्धी बंद. पावसाळी दिवशी चार माणसं त्या डब्यात काय करणार हे पावसाळी दिवशीच कळतं, आणि तुम्ही इंग्लंडात आहात.

दुसरं, टॉयलेटची कॅसेट (खालची मैल्याची टाकी) कोण रिकामी करणार हे घ्यायच्या आधी लेखी ठरवा. आमच्याकडे अजून खटला चालू आहे.

खडूस_मास्तर

हॉटेलात हा खटला उद्भवत नाही.

उनाड_पाऊस

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. शनिवारी एक बघून आलो. त्याच ब्रँडची, सात वर्षांची, युरो ६. इंजिनाची नोंद चोख आहे. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून एमओटीचा (गाडीच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीचा) इतिहासही बघितला, मैल जुळतायत. काकांनी सांगितल्याप्रमाणे नाक वापरलं, वास नाही. जमीन दारापाशी किंचित लवते. मीटर मागवलंय, अजून आलं नाही.

अडचण अशी: पाणी शिरण्याची वॉरंटी कंपनीने बऱ्याच वर्षांची दिली होती, पण पुस्तिकेत मधली दोन वर्षं हॅबिटेशन तपासणीचा शिक्का नाही. डीलर म्हणतो, 'काळजी नको, आम्ही आता तपासणी करून शिक्का देतो.' चालेल का?

नीलाक्षी

बाबा: "शिक्का आजचा मिळेल. वॉरंटी मधल्या वर्षी मेली ती मेली."

रेवा

अगदी हेच. या वॉरंट्यांत बहुतेक ठिकाणी दरवर्षी ठरलेल्या मुदतीत तपासणी ही अट असते, एक चुकली तरी बाद. कंपनीला गाडीचा चेसिस क्रमांक देऊन ईमेलवर विचारा, 'या गाडीची वॉरंटी आज लागू आहे का?' डीलरच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. एमओटी ब्रेक-टायर-दिवे बघते, घराचा भाग बघत नाही, त्यामुळे ती चोख असली तरी ओलीबद्दल काही कळत नाही.

तपासणी तुमच्या माणसाकडून करा, डीलरच्या नाही. आणि अनामत देताना पावतीवर लिहून घ्या: 'स्वतंत्र ओल-तपासणी समाधानकारक नसल्यास पूर्ण परत.' आम्ही दुसऱ्या वेळी एका डीलरकडे हे मागितलं तर तो चिडला. तिथूनच परत फिरलो.

कोल्हापुरी_ठसका

वॉरंटी नाही असं धरूनच भाव करा. लवणारी जमीन वेगळी, वॉरंटीचा खड्डा वेगळा. दोन्हीचे पैसे कापा. आणि आधीच्या मालकाने गाडी कुठे उभी केली होती ते विचारा.

उनाड_पाऊस

विचारलं. घरासमोर उघड्यावर. चेरीच्या झाडाखाली.

कोल्हापुरी_ठसका

छतावर चढून बघा. शिडी स्वतःची न्या, डीलरकडे 'आज नेमकी नाही' असते. छतावर उभं राहू नका, कडेने बघा. झरोक्यांभोवती शेवाळाची रेघ आणि सांध्यांत साचलेला काळा चिखल असेल तर तिथे पाणी थांबून राहतं.

मापात_पाप

आणि वजनाच्या प्लेटचा फोटो टाका. बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबाजवळ असते. दोन प्लेटा दिसतील, एक मूळ गाडी बनवणाऱ्याची, दुसरी मोटरहोम बनवणाऱ्याची. दुसरीचा आकडा धरा. त्यावर चार ओळी असतात: वरची एकूण वजनाची, दुसरी गाडी अधिक ट्रेलरची, खालच्या दोन पुढच्या आणि मागच्या आसाच्या. मला पहिली आणि शेवटची हवी. सायकली किती, तेही लिहा.

उनाड_पाऊस

सायकली चार. फोटो उद्या टाकतो.

मापात_पाप

दोनच न्या.